लिस्ट, स्ट्रिंग आणि डिक्शनरी वापरताना होणाऱ्या चुका

लिस्ट, स्ट्रिंग आणि डिक्शनरी या प्रोग्रामिंगमध्ये माहिती साठवण्याच्या तीन मूलभूत रचना आहेत. लिस्ट म्हणजे क्रमाने मांडलेली यादी. स्ट्रिंग म्हणजे अक्षरचिन्हांची मालिका, अर्थात मजकूर. डिक्शनरी म्हणजे शब्दकोशाप्रमाणे एखाद्या शब्दावरून त्याच्याशी जोडलेली माहिती काढून देणारी रचना. ज्या शब्दावरून माहिती शोधली जाते त्यास 'की' म्हणतात. पायथन या भाषेत नवशिक्यांचा या तिन्ही रचनांशी पहिल्या काही आठवड्यांतच परिचय होतो आणि त्यांच्या बहुतेक चुकाही याच ठिकाणी घडतात. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना या चुकांखेरीज देवनागरी लिपीच्या संगणकीय मांडणीतून उद्भवणाऱ्या काही स्वतंत्र अडचणींना तोंड द्यावे लागते.

प्रस्तुत लेखातील उदाहरणे पायथन भाषेतील असून त्यांत प्रामुख्याने नांदेड व लातूर जिल्ह्यांतील तालुक्यांची नावे वापरली आहेत. गुण, पाऊस इत्यादींचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राममध्ये आज्ञा रोमन लिपीत व संख्या इंग्रजी अंकांत लिहाव्या लागतात. चलांची नावे मात्र पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीतही ठेवता येतात. 'तालुके' किंवा 'पाऊस' ही चलनामे पायथनला मान्य आहेत.

## पार्श्वभूमी

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हान रोसम यांनी तयार केली व १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या मुख्य आवृत्तीत स्ट्रिंगची मूळ मांडणी बदलण्यात आली आणि प्रत्येक स्ट्रिंग युनिकोड संकेतांची मालिका मानली जाऊ लागली. मराठीच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा ठरला. तत्पूर्वी यूटीएफ-८ या सांकेतिकरणात साठवलेल्या साध्या स्ट्रिंगमधील 'लातूर' या शब्दाची लांबी १५ भरत असे, कारण तेथे चिन्हांऐवजी बाइट मोजले जात. तिसऱ्या आवृत्तीत हीच लांबी ५ भरते.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ स्थानांचा एक गट राखून ठेवलेला आहे. त्यात व्यंजने, स्वर, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलंत यांना स्वतंत्र संकेत आहेत. शाळेत ज्यास 'अक्षर' म्हणतात, ते संगणकात बहुधा एकापेक्षा अधिक संकेतांनी बनलेले असते.

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात आणि लातूर येथे त्याचे उपकेंद्र आहे. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला संगणकाच्या वर्गात भाषेच्या आज्ञा आणि चुकीचे संदेश इंग्रजीतून वाचावे लागतात. पुढे काम करताना हाताळावयाच्या याद्या, उदाहरणार्थ गावांची, विद्यार्थ्यांची वा सभासदांची नावे, अनेकदा मराठीत असतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत देवनागरी मजकुराचा विचार सहसा आढळत नाही.

## चुकांचे स्वरूप

या चुकांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात.

* बोलक्या चुका – प्रोग्राम थांबतो आणि चूक कोणत्या ओळीत झाली हे सांगतो. यादीत नसलेला क्रमांक मागणे किंवा डिक्शनरीत नसलेली की मागणे ही त्याची उदाहरणे होत.
* मूक चुका – प्रोग्राम विनातक्रार पूर्ण चालतो, उत्तरही देतो. परंतु ते उत्तर चुकीचे असते.

नवशिक्यांना पहिल्या प्रकाराची भीती वाटते. प्रत्यक्षात दुसरा प्रकार अधिक घातक असतो. लाल अक्षरांतील संदेश दिसला की चूक शोधली जाते. यादीतून एखादे नाव गळले, किंवा एकाच गावाच्या दोन नोंदी झाल्या, तर ती चूक निकालपत्रात वा लाभार्थ्यांच्या यादीत उतरेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

## लिस्टमधील चुका

### मोजणी शून्यापासून

लिस्टमधील पहिल्या घटकाचा क्रमांक ० असतो. लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. त्यांच्या यादीत क्रमांक ० ते ९ असतात. 'तालुके[१०]' असे लिहिल्यास प्रोग्राम थांबतो. ही बोलकी चूक झाली. 'तालुके[१]' असे लिहून पहिल्या तालुक्याची अपेक्षा केल्यास मात्र दुसरा तालुका मिळतो आणि कोणताही इशारा मिळत नाही.

याच कुळातील दुसरी चूक 'रेंज' या आज्ञेबाबत होते. रेंज(१, १०) यात १ ते ९ एवढेच अंक येतात. शेवटची संख्या वगळली जाते. तालुक्यांना १ ते १० क्रमांक देताना ही आज्ञा वापरल्यास दहावा तालुका राहून जातो. नांदेड जिल्ह्यातील १६ तालुक्यांसाठी रेंज(१, १७) असे लिहावे लागते. सुरुवात धरावी व शेवट सोडावा या पद्धतीत, दोन टोकांची वजाबाकी केली की घटकांची संख्या मिळते. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ मधील एका प्रसिद्ध टिपणात या पद्धतीचे आणि शून्यापासून मोजण्याचे समर्थन केले होते.

### एक यादी, दोन नावे

चल म्हणजे वस्तू ठेवण्याचा डबा, अशी कल्पना सुरुवातीस करून दिली जाते. लिस्टच्या बाबतीत ती दिशाभूल करते. पायथनमधील चल हे वस्तूला अडकवलेल्या नावाच्या चिठ्ठीसारखे असते.

```
जुनी = ["नांदेड", "कंधार", "देगलूर"]
नवी = जुनी
नवी.ॲपेंड("बिलोली")
```

यानंतर 'जुनी' या यादीतही बिलोलीचा समावेश झालेला दिसतो, कारण यादी एकच असून तिला दोन नावे आहेत. स्वतंत्र प्रत हवी असल्यास 'नवी = जुनी.कॉपी()' असे लिहावे लागते. यादीच्या आत याद्या असतील तर कॉपी केवळ बाहेरची यादी वेगळी करते. आतील याद्या दोन्हींत सामाईकच राहतात. त्यासाठी 'डीपकॉपी' ही सोय आहे.

शून्यांचा तक्ता तयार करताना '[[०] * ३] * २' असे लिहिणे ही याच गैरसमजाची आवृत्ती होय. दोन ओळींचा तक्ता दिसतो. पण दोन्ही ओळी प्रत्यक्षात एकच असल्याने एका ओळीतील आकडा बदलला की दुसऱ्या ओळीतीलही बदलतो. फंक्शनच्या व्याख्येत रिकामी यादी मूलभूत मूल्य म्हणून दिल्यासही असेच घडते. ती यादी फंक्शन प्रत्येक वेळी वापरताना नव्याने तयार होत नाही; व्याख्येच्या वेळी एकदाच तयार होते आणि मागील वापरातील घटक पुढील वापरात शिल्लक राहतात.

### यादीवर फिरता फिरता घटक काढणे

चार विद्यार्थ्यांचे गुण [३२, २८, ४१, ४५] असे आहेत आणि ३५ पेक्षा कमी गुण यादीतून काढावयाचे आहेत, असे समजा.

```
फॉर ग इन गुण:
    इफ ग < ३५:
        गुण.रिमूव्ह(ग)
```

अपेक्षित उत्तर [४१, ४५] असे आहे. प्रत्यक्षात [२८, ४१, ४५] मिळते. ३२ हा पहिला घटक काढताच २८ त्याच्या जागी सरकतो. फिरणारी आज्ञा मात्र पुढच्या जागेकडे जाते, त्यामुळे २८ तपासलाच जात नाही. अनुत्तीर्ण होणारे दोन विद्यार्थी लागोपाठ नसतील तर हाच प्रोग्राम अचूक उत्तर देतो. म्हणून एखाद-दुसऱ्या चाचणीत ही चूक सापडत नाही. जुन्या यादीला हात न लावता ३५ व त्याहून अधिक गुणांची नवी यादी तयार करणे, हा यावरील सुरक्षित उपाय होय.

### ॲपेंड, एक्स्टेंड आणि सॉर्ट

ॲपेंड दिलेली वस्तू एक घटक म्हणून जोडते, तर एक्स्टेंड दिलेल्या मालिकेतील प्रत्येक घटक वेगवेगळा जोडते. स्ट्रिंग हीदेखील मालिका असल्यामुळे 'तालुके.एक्स्टेंड("औसा")' असे लिहिल्यास यादीत 'औ', 'स' आणि एकटा काना असे तीन घटक येतात.

सॉर्ट ही आज्ञा यादी जागच्या जागी क्रमाने लावते आणि उत्तरादाखल काहीही देत नाही. 'तालुके = तालुके.सॉर्ट()' असे लिहिल्यास 'तालुके' या नावाला यादीऐवजी 'काहीच नाही' हे मूल्य चिकटते आणि त्या नावाने यादी पुन्हा मिळत नाही. मूळ यादी तशीच ठेवून नवी क्रमवार यादी हवी असल्यास 'सॉर्टेड' ही आज्ञा वापरतात.

### विसरलेला स्वल्पविराम

पायथनमध्ये शेजारी शेजारी लिहिलेल्या दोन स्ट्रिंग आपोआप जोडल्या जातात. ["औसा", "उदगीर" "निलंगा"] या यादीत तीन नव्हे, दोनच घटक आहेत आणि दुसरा घटक 'उदगीरनिलंगा' असा आहे. एका स्वल्पविरामाने दोन तालुके एकत्र होतात. यादी लिहून झाल्यावर तिची लांबी छापून पाहणे हा यावरील सोपा उपाय आहे.

## स्ट्रिंगमधील चुका

### न बदलणारा मजकूर

एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. 'रिप्लेस', 'स्ट्रिप' यांसारख्या आज्ञा मूळ स्ट्रिंगला धक्का न लावता नवी स्ट्रिंग देतात. केवळ 'नाव.स्ट्रिप()' असे लिहून पुढे गेल्यास नावाच्या कडेची मोकळी जागा तशीच राहते; 'नाव = नाव.स्ट्रिप()' असे लिहावे लागते. लिस्टवरील सॉर्टच्या बाबतीत उत्तर चलात घेणे चुकीचे, तर स्ट्रिंगच्या बाबतीत न घेणे चुकीचे, यामुळे नवशिक्यांचा हमखास गोंधळ उडतो. लिस्ट बदलता येते आणि स्ट्रिंग बदलता येत नाही, हा मूळ भेद ध्यानात ठेवल्यास दोन्ही नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

### अंक आणि संख्या

वापरकर्त्याने टंकलेली कोणतीही गोष्ट 'इनपुट' ही आज्ञा स्ट्रिंग म्हणूनच देते. "१०" आणि "५" या दोन स्ट्रिंगची बेरीज "१०५" होते. क्रम लावतानाही "१०" हे "९" च्या आधी येते, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून सुरू होते. 'इंट' या आज्ञेने संख्येत रूपांतर केल्यावरच गणित बरोबर येते. ही आज्ञा देवनागरी अंकही ओळखते. मात्र स्ट्रिंग म्हणून देवनागरीतील सात आणि इंग्रजी अंकांतील सात ही दोन भिन्न चिन्हे आहेत. एकाच वर्गातील हजेरी क्रमांक दोघांनी दोन प्रकारच्या अंकांत भरले, तर त्यांची जुळणी होत नाही.

### तुकडे करणे आणि कडा छाटणे

"लातूर, औसा, उदगीर" या मजकुराचे स्वल्पविरामावर तुकडे केल्यास दुसरा व तिसरा तुकडा मोकळ्या जागेने सुरू होतो. छापल्यावर तो नेहमीसारखाच दिसतो. तुलना केल्यावर 'औसा' या शब्दाशी जुळत नाही. स्वल्पविरामाऐवजी मोकळ्या जागेवर तुकडे केल्यास 'शिरूर अनंतपाळ' या एकाच तालुक्याचे दोन तुकडे होतात.

'आरस्ट्रिप' ही आज्ञा शब्दाच्या शेवटचा प्रत्यय काढते, असा एक रूढ समज आहे. प्रत्यक्षात ती दिलेल्या चिन्हांपैकी जी चिन्हे शेवटी सापडतील ती सर्व काढत जाते. 'अर्धापूर' या नावातून "पूर" काढण्यास सांगितल्यास 'अर्धा' असे अपेक्षित उत्तर मिळते. तीच आज्ञा 'देगलूर' या नावावर चालवल्यास मात्र 'देगल' असे उत्तर येते. या नावाच्या शेवटी 'पूर' नाही. तरीही र आणि दीर्घ उकार ही दोन्ही चिन्हे दिलेल्या संचात असल्याने ती काढली जातात. पायथनच्या ३.९ या आवृत्तीपासून 'रिमूव्हसफिक्स' ही योग्य आज्ञा उपलब्ध आहे.

### घटक आणि अंश

'इन' या शब्दाचा अर्थ लिस्ट व स्ट्रिंग यांच्यासाठी वेगवेगळा आहे. लिस्टमध्ये तो पूर्ण घटक शोधतो, स्ट्रिंगमध्ये कोणताही अंश शोधतो. नांदेड जिल्ह्यातील तालुके लिस्टमध्ये ठेवले असतील तर "खेड" हे नाव सापडत नाही, आणि ते योग्यच आहे. खेड हे तालुके पुणे व रत्नागिरी जिल्ह्यांत आहेत. मात्र सर्व तालुके एकाच लांब स्ट्रिंगमध्ये लिहिलेले असतील तर 'मुखेड' व 'मुदखेड' या दोन्ही नावांत 'खेड' हा अंश असल्याने उत्तर होकारार्थी येते.

## मराठी मजकुरातील विशेष अडचणी

### अक्षरांची लांबी

पायथनमधील 'लेन' ही आज्ञा स्ट्रिंगमधील युनिकोड संकेत मोजते. कानाला ऐकू येणारी अक्षरे मोजत नाही.

| नाव | अक्षरे | युनिकोड संकेत | यूटीएफ-८ मधील बाइट |
|---|---|---|---|
| औसा | २ | ३ | ९ |
| लातूर | ३ | ५ | १५ |
| नांदेड | ३ | ६ | १८ |
| किनवट | ४ | ५ | १५ |
| अर्धापूर | ४ | ८ | २४ |
| हिमायतनगर | ७ | ९ | २७ |

यामुळे स्ट्रिंगचे तुकडे करताना अनपेक्षित परिणाम होतात. 'लातूर' या शब्दातील पहिली तीन चिन्हे घेतल्यास 'लात' हा वेगळ्याच अर्थाचा शब्द मिळतो. हाच शब्द उलटा केल्यास 'रतूला' न होता 'रूताल' होतो, कारण उकार आणि काना स्वतंत्र चिन्हे म्हणून उलटतात व शेजारच्या व्यंजनाला चिकटतात. 'श्रीकांत' या नावाचे आद्याक्षर काढल्यास 'श्री' न मिळता केवळ 'श' मिळतो. अक्षरनिहाय काम करावयाचे असल्यास संकेतांचे गट पाडणारी स्वतंत्र साधने वापरावी लागतात. स्विफ्टसारख्या काही भाषा मुळातच अशा गटांनी मोजतात. त्या भाषेत 'लातूर' या शब्दाची लांबी ३ येते.

### सारखे दिसणारे, पण भिन्न

डोळ्यांना एकसारखे दिसणारे दोन शब्द संगणकाच्या दृष्टीने भिन्न असू शकतात. 'शेतकऱ्या' या रूपातील अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ऱ हे एकच चिन्ह व त्यापुढे हलंत, र व नुक्ता ही दोन चिन्हे व त्यापुढे हलंत, किंवा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या प्रकारात 'शेतकऱ्या' या रूपाची लांबी ८ भरते, उरलेल्या दोहोंत ९.

युनिकोड सामान्यीकरण नावाची प्रक्रिया पहिले दोन प्रकार एकरूप करते. तिसरा मात्र वेगळाच राहतो. 'औ' हा स्वर एका संकेताऐवजी 'अ' व त्यापुढे दोन मात्रा व काना यांचे एकत्रित चिन्ह असा टंकल्यास काही फॉन्टमध्ये तो हुबेहूब 'औ' दिसतो, परंतु सामान्यीकरणानेही मूळ 'औ' शी जुळत नाही. 'ॲ' या अक्षराची स्थितीही अशीच आहे.

जुन्या कागदपत्रांत याहून मूलभूत अडचण येते. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. पडद्यावर मराठी दिसत असली तरी स्ट्रिंगमध्ये वेगळेच संकेत असतात, म्हणून आधी रूपांतर करणे आवश्यक ठरते.

### शुद्धलेखन आणि सामान्यरूप

मराठी लेखननियमांनुसार अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार व उकार सामान्यतः दीर्घ लिहितात. म्हणून लातूर, उदगीर, चाकूर, माहूर ही रूपे होत. वाचक 'लातुर' हे रूपही समजून घेतो. संगणक ते निराळे नाव मानतो. 'नांदेड' व 'नान्देड' यांचेही तसेच.

विभक्तिप्रत्यय लागताना होणारा बदल अधिक फसवा असतो. 'अहमदपूर' चे सामान्यरूप होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होऊन 'अहमदपुरात' असे रूप बनते. 'लोहा' चे 'लोह्यात' होते. परिणामी 'अहमदपुरातील शाळा' या मजकुरात 'अहमदपूर' हा अंश शोधल्यास उत्तर नकारार्थी येते. येथे लिहिणाऱ्याचे व्याकरण निर्दोष आहे. दोष शोधण्याच्या पद्धतीत आहे.

### वर्णक्रम

सॉर्ट ही आज्ञा युनिकोड संकेतांच्या क्रमाने शब्द लावते. तेथे ळ हा ल च्या लगेच पुढे व व च्या आधी येतो, तर मराठी वर्णमालेत ळ चे स्थान ह नंतर आहे. मराठी कोशाप्रमाणे क्रम हवा असल्यास वर्णक्रमाचे नियम जाणणारे वेगळे साधन वापरावे लागते.

### फाइल उघडताना

विंडोज-१२५२ हे सांकेतिकरण गृहीत धरणाऱ्या संगणकावर यूटीएफ-८ मधील मराठी फाइल सांकेतिकरण न सांगता उघडल्यास 'लातूर' ऐवजी निरर्थक चिन्हे मिळतात आणि प्रोग्राम पुढे चालू राहतो. 'अर्धापूर' सारखा हलंत असलेला शब्द आल्यास मात्र तो थांबतो, कारण हलंताच्या संकेतातील शेवटच्या बाइटला त्या सांकेतिकरणात स्थानच नाही. फाइल उघडताना यूटीएफ-८ हे नाव स्पष्टपणे देणे हा यावरील उपाय आहे.

## डिक्शनरीमधील चुका

### नसलेली की

डिक्शनरीत नसलेली की मागितल्यास प्रोग्राम थांबतो. हे टाळण्यासाठी 'गेट' ही आज्ञा शिकवली जाते. की नसल्यास ती ठरवून दिलेले मूल्य देते. नवशिके हे मूल्य सरसकट शून्य ठेवतात आणि बोलक्या चुकीचे मूक चुकीत रूपांतर करतात.

चारपैकी तीन ठिकाणांहून १२, ८ व १० मिलिमीटर पावसाची नोंद आली आणि चौथ्या ठिकाणची आलीच नाही, असे मानल्यास आलेल्या नोंदींची सरासरी १० मिलिमीटर येते. न आलेली नोंद शून्य धरल्यास ती ७.५ मिलिमीटरवर उतरते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेथे 'पाऊस पडला नाही' आणि 'नोंद मिळाली नाही' ही दोन विधाने एक मानणे परवडणारे नाही. परीक्षेस गैरहजर असणे आणि शून्य गुण मिळणे यांतही हाच भेद आहे. नोंद नसल्यास 'काहीच नाही' हे मूल्य ठेवून ती सरासरीतून वगळणे व किती नोंदी वगळल्या हे सांगणे, ही योग्य पद्धत होय.

### एका की-वर दोन नोंदी

डिक्शनरीत प्रत्येक की एकदाच असू शकते. तीच की पुन्हा दिल्यास जुनी नोंद पुसली जाते आणि त्याची सूचना मिळत नाही. महाराष्ट्रात कळंब नावाचे तालुके धाराशिव व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत आहेत, तर कर्जत हे तालुके रायगड व अहिल्यानगर जिल्ह्यांत आहेत. राज्यातील सर्व तालुक्यांची डिक्शनरी केवळ तालुक्याच्या नावाने केल्यास यांतील एकेक तालुका नाहीसा होतो. जिल्हा आणि तालुका यांची जोडी की म्हणून वापरल्यास हा दोष राहत नाही. अशी जोडी लिस्टच्या रूपात ठेवता येत नाही, कारण बदलता येणारी वस्तू की होऊ शकत नाही. त्यासाठी 'टपल' ही न बदलणारी रचना वापरतात.

नामांतरामुळे याच्या उलट स्थिती निर्माण होते, म्हणजे एकाच ठिकाणाच्या दोन की होतात. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन करून अस्तित्वात आला. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. जुन्या व नव्या नोंदी एकत्र केल्यास एकच जिल्हा दोनदा मोजला जाण्याचा संभव असतो. नावाऐवजी न बदलणारा संकेतांक की म्हणून वापरणे अधिक सुरक्षित असते.

### सामाईक यादी

'डिक्ट.फ्रॉमकीज(["नांदेड", "लातूर"], [])' असे लिहून प्रत्येक जिल्ह्यासाठी रिकामी यादी तयार करण्याचा प्रयत्न केला जातो. येथे दोन्ही की एकाच यादीकडे निर्देश करतात. लातूरच्या यादीत औसा जोडताच तो नांदेडच्या यादीतही दिसतो. लिस्टच्या विभागात वर्णिलेली 'एक यादी, दोन नावे' ही चूकच येथे वेगळ्या रूपात आढळते.

### इतर चुका

* डिक्शनरीवर थेट फिरल्यास की मिळतात, मूल्ये मिळत नाहीत. दोन्ही हवी असल्यास 'आयटम्स' वापरतात.
* फिरत असताना डिक्शनरीतील नोंदी काढल्यास किंवा वाढवल्यास पायथन बहुधा प्रोग्राम थांबवतो.
* रिकामा महिरपी कंस रिकामी डिक्शनरी देतो, रिकामा सेट नव्हे.
* नोंदी ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने मिळतील, ही हमी पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. हा क्रम घालण्याचा असतो, वर्णक्रम नसतो.

## चुका टाळण्याच्या पद्धती

* मोजदाद – माहिती वाचल्यावर आणि प्रत्येक टप्प्यानंतर नोंदींची संख्या तपासावी. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके मिळून २६ व्हावेत. २५ किंवा २७ आल्यास पुढे जाऊ नये.
* प्रवेशद्वारावर स्वच्छता – मजकूर आत येतानाच कडेची मोकळी जागा काढावी, युनिकोड सामान्यीकरण करावे आणि अंक एका लिपीत आणावेत.
* अधिकृत यादी – नावे मुक्तपणे टंकू देण्याऐवजी ठरलेल्या यादीतून निवडू द्यावीत. यादीत न बसणारी नावे टाकून न देता वेगळी नोंदवून माणसाकडून तपासून घ्यावीत.
* छापण्याची योग्य रीत – 'रेप्र' ही आज्ञा स्ट्रिंग अवतरणचिन्हांसह दाखवते, त्यामुळे कडेच्या मोकळ्या जागा दिसून येतात. 'ॲस्की' ही आज्ञा देवनागरी चिन्हांचे संकेतच दाखवते.
* लहान आणि अडचणीचे नमुने – रिकामी यादी, एकच घटक, लागोपाठ दोन वगळावयाचे घटक, जोडाक्षर असलेले नाव आणि दोन शब्दांचे नाव अशा नमुन्यांवर प्रोग्राम तपासावा.
* चूक दडपू नये – प्रोग्राम थांबतो म्हणून चुकीचा संदेश बंद करणे किंवा शून्य भरून पुढे जाणे टाळावे.

## हेही पहा

* पायथन
* युनिकोड
* देवनागरी
* मराठी शुद्धलेखन
* नांदेड जिल्हा
* लातूर जिल्हा